बखर, पोवाडा, कादंबरी, चलच्चित्र : सिंहगडाच्या कथेची माध्यमांतरे

एखादी कथा चलच्चित्रात उतरली की ती मूळ कथेशी प्रामाणिक राहिली किंवा नाही, हा प्रश्न लगेच विचारला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा आधीच ठरलेले असते. शब्दांत जे खोल होते ते चित्रात उथळ झाले, असा निर्वाळा देऊन समीक्षक मोकळा होतो. या प्रश्नामागे एक गृहीत असते. ‘मूळ’ म्हणून एकच स्थिर संहिता असते आणि माध्यमांतरात तिची झीज होते, असे ते गृहीत. ललित कादंबरीच्या बाबतीत ते काही अंशी चालून जाते. वीरकथेच्या बाबतीत मात्र ते मुळातच लंगडे पडते, कारण वीरकथा चित्रपटापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दोन-तीन वेळा बदललेली असते. तेव्हा अशा कथेचा विचार करताना काय गळले याच्या यादीपेक्षा दुसरा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. कथेतली कृती तीच राहिली तरी तिचे कारण प्रत्येक माध्यमाने कसे बदलले, आणि ते बदललेले कारण कोणाच्या तोंडून वाचक-प्रेक्षकांपर्यंत पोहोचले?

या दृष्टीने तपासण्याजोगे मराठीतील ठळक उदाहरण कोल्हापुरात घडले. १९२३ साली बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्याला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीचा. कादंबरीमागे पोवाडा होता, पोवाड्याच्याही मागे बखर होती, आणि बखरीच्या मागे ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे माघ वद्य नवमीची, ती रात्र होती. इतकी स्पष्ट पायऱ्यापायऱ्यांची साखळी फार थोड्या मराठी कथांना लाभली आहे.

बखरीपासून सुरुवात करणे भाग आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. निवेदकाला श्रोता ठाऊक आहे, आणि श्रोत्याला जे सांगायचे ते राज्यकर्त्याच्या उपयोगाचे आहे. सभासदाच्या बखरीतील सिंहगडाचे प्रकरण त्यामुळे अत्यंत आटोपशीर झाले आहे. तानाजी मालुसरे हा मावळ्यांचा हजारी पाचशे माणूस घेऊन जातो, कडा चढतो, उदेभानाशी गाठ पडते. तानाजीची ढाल तुटते, दुसरी मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो, आणि दोघेही पडतात. येथे कथा संपत नाही. तानाजीचा भाऊ सूर्याजी माणसे सावरतो आणि किल्ला घेतो. मग घोड्यांच्या पागेला आग लावली जाते. त्या उजेडावरून राजांना दूरवर विजय कळतो. भाऊबंदांच्या शौर्याची कथा म्हणून हे वाचता येते, पण सभासदाचा कल निराळा आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कोंढाणा होता. १६७० साली ते परत घेण्याची मोहीम सुरू झाली. गड घेण्याचे कारण राज्यकारणाचे आहे, आणि नायक पडल्यावरही काम पुरे होते यातच राज्य म्हणून काही उभे राहिल्याची खूण आहे. त्यापुढे शिवाजीच्या तोंडी सभासदाने जे घातले आहे ते जमाखर्चाच्या भाषेत आहे: एक गड मिळाला, एक गेला. दोन्हीकडे ‘गड’च. सिंह अजून आलेला नाही.

पोवाड्यात कारण बदलते. तुलसीदास शाहिराच्या नावावरील पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली संग्रहात छापला. ॲक्वर्थने १८९४ मध्ये मराठ्यांच्या पोवाड्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, त्यामुळे हा पोवाडा इंग्रजी वाचकांपर्यंतही गेला. या पोवाड्याच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाला त्याची गरजही नाही. महत्त्वाचे आहे ते हे की येथे गड घ्यायचा तो जिजाबाईंना हवा आहे म्हणून. त्या मुलाशी सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात, आणि पणात कोंढाणा मागतात. तानाजी त्याच वेळी आपल्या रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला असतो. तहाची कलमे बाजूला पडतात. त्यांच्या जागी आईचा हट्ट आणि मुलाचे लग्न ही घरातली दोन कारणे येऊन बसतात. इतिहासाच्या अभ्यासकाला यात अज्ञान दिसण्याचा संभव आहे. परंतु गावच्या चावडीपुढे जमलेल्या माणसांना तहाच्या कलमांपेक्षा घरचे लग्न टाकून कामाला जाणे म्हणजे काय हे नेमके कळते. शाहिराने कारण सोपे केलेले नाही, ते श्रोत्यांच्या घरात नेऊन ठेवले आहे.

शिवाय पोवाड्यात अतिशयोक्ती उघडी असते. दोनदा मागे फिरणारी घोरपड, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, उदयभानाचे बारा मुलगे, चंद्रावळी हत्ती, सिद्दी हिलाल, हे सारे शाहीर डफाच्या ठेक्यावर वाढवीत नेतो. हे वाढवून सांगितले जात आहे याचे भान श्रोत्यांना असते, कारण सांगणारा समोर उभा असतो. तो घाम पुसतो, झीलकऱ्यांकडे वळतो, शेवटी आपले नाव गुंफतो. पोवाड्याला सही असते. ही गोष्ट पुढील सर्व माध्यमांतरांच्या संदर्भात ध्यानात ठेवावी लागते.

हरिभाऊंच्या कादंबरीत तिसरे कारण आले, आणि ते सर्वांत टिकाऊ ठरले. कमलकुमारी ही रजपूत तरुण विधवा सती जाण्याच्या बेतात असताना उदयभानू तिला पळवून आणतो आणि गडावर डांबून ठेवतो. तिच्याशी बळाने लग्न लावण्याची त्याची मुदत आणि तानाजीच्या हल्ल्याची रात्र एकमेकींवर येऊन ठेपतात. बखरीत कमलकुमारी नाही, तुलसीदासाच्या पोवाड्यातही नाही. ती हरिभाऊंची निर्मिती आहे. ‘करमणूक’ या आपल्या साप्ताहिकासाठी हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहीत आलेल्या या लेखकाला मुदतीचे आणि उत्कंठेचे तंत्र पुरते अवगत होते. स्कॉटच्या ऐतिहासिक कादंबरीचा आदर्शही समोर होता. तेवढ्याने तिची उपपत्ती लागते. पण एक विसंगती उरते आणि ती गंभीर आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्ये यमूच्या वैधव्याचे भीषण चित्र काढणारा, विधवेच्या देहावर समाज जी सत्ता गाजवतो तिच्याविरुद्ध मराठी कादंबरीला प्रथम बोलते करणारा हाच लेखक आहे. तोच इतिहासात शिरताच विधवेचे सती जाणे हे तिच्या तेजाचे माप म्हणून स्वीकारतो आणि तिला त्यापासून रोखणारा पुरुष खलनायक ठरवतो. उदयभानू खल आहेच. परंतु त्याचा अपराध कोणता? जबरदस्तीचा की चितेवरून उतरवण्याचा? कादंबरी हे दोन अपराध वेगळे होऊ देत नाही. वर्तमानात जो प्रश्न होता तो भूतकाळात शील झाला. कोंढाण्याचे युद्ध येथून पुढे एका स्त्रीच्या अब्रूच्या रक्षणाचे युद्ध म्हणून वाचले जाऊ लागले. तह मागे पडला, आणि सोंगट्यांच्या डावालाही दुय्यम स्थान मिळाले.

तरीही कादंबरीला निवेदक होता. हरिभाऊंचा निवेदक वाचकाशी बोलतो, थांबतो, समजावतो. त्याच्याशी असहमत होण्याची जागा वाचकाला असते. शीर्षकातच त्या निवेदकाचा आवाज आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ हे पूर्ण वाक्य आहे आणि त्याचा सारा भार ‘पण’ या अव्ययावर आहे. सभासदाच्या जमाखर्चातला दुसरा गड येथे सिंह झाला खरा, परंतु खर्चाची बाजू पुसली गेली नाही.

मूकपटाचे नाव मात्र ‘सिंहगड’ एवढेच. वाक्याचे नाम झाले. जाहिरातीच्या फलकावर एका शब्दाचे नाव सोयीचे असते, एवढेच कारण त्यामागे असू शकेल. परंतु परिणाम तेवढाच राहत नाही. ‘पण’ गेला आणि उरले ते विजयाचे स्मारक. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, ही समजूत या नावाने अधिकच पक्की केली. वस्तुतः १६६३ सालच्या पत्रातही ‘सिंहगड’ हे नाव येते.

बाबूराव पेंटर यांची जडणघडण या संदर्भात बोलकी आहे. त्यांनी आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नाव मिळवले होते. आनंदरावांचे १९१६ साली निधन झाल्यावर बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. तानीबाई कागलकर या गायिकेने दिलेल्या पैशाच्या आधारावर कंपनी उभी राहिली, आणि शाहू छत्रपतींच्या संस्थानाचे साहाय्य तिला लाभले. पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका खरा भासला की तो भाग काढून टाकावा लागला. नाटकाच्या रंगमंचावर कीचकवध वर्षानुवर्षे चालू होता. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने बंदी घातली ती त्यातल्या राजकीय रूपकासाठी, रक्तासाठी नव्हे. पडद्यावरच्या कीचकाला रूपक म्हणून पाहणे कोणाला जमले नाही, तो प्रत्यक्ष मारला गेला. सांगितलेली कथा आणि घडताना दिसणारी कथा यांतला फरक कोल्हापूरच्या या पहिल्याच चित्राने उघड केला होता.

पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने चित्रपटात रंगवलेला पडदाच टाकून दिला आणि घनाकार नेपथ्य उभे केले. ‘सिंहगड’मध्ये त्याने रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. मूकपट तोवर सूर्यप्रकाशावर जगत होता, म्हणून चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट तंत्रविकासाचा टप्पा म्हणून नोंदली जाते. कथनाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. वद्य नवमीच्या रात्री चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. बखरीतली रात्र काळोखी आहे, आणि तिच्यातला उजेड म्हणजे जळत्या पागेचा. तो उजेड कोणासाठी तरी आहे. दूर वाट पाहत असलेल्या राजाला तो काहीतरी सांगतो. मूकपटातला प्रकाश कोणाला काही सांगत नाही, तो केवळ दाखवतो. प्रेक्षक राजाच्या जागी बसलेला नाही, तो गडावरच आहे. निवेदक, श्रोता आणि त्यांच्यामधले अंतर, या तिन्ही गोष्टी त्या विजेच्या दिव्यांनी एकदम नाहीशा केल्या.

या मूकपटाची पूर्ण प्रत आज पाहावयास मिळत नाही, त्यामुळे दृश्यांच्या क्रमाविषयी काही ठामपणे म्हणणे योग्य होणार नाही. ज्ञात आहे ते असे की बाबूराव पेंटर स्वतः शिवाजीच्या भूमिकेत होते, बाळासाहेब यादव तानाजी झाले होते, आणि विशीतल्या शांताराम वणकुद्रे यांनी ऐंशी वर्षांच्या शेलारमामाचे काम केले होते. मुंबईत चित्रपटगृहापुढे लोटलेल्या गर्दीमुळे सरकारचे लक्ष या धंद्याकडे गेले आणि करमणूक कराची कल्पना त्यातून पुढे आली, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे.

कोल्हापूरच्या बाजूने पाहता या गर्दीला आणखी एक अर्थ आहे. चित्र संस्थानात तयार होत होते, परंतु त्याचा बाजार ब्रिटिश हद्दीत होता. १८९१ मध्ये रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी स्टेशनलगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, तेव्हापासून इथला गूळ ज्या वाटेने बाहेर जात होता त्याच वाटेने आता कथाही जाऊ लागल्या. गुळावर जकात होती, कथेवर सेन्सॉर. १९१८ च्या कायद्यान्वये मुंबईत चित्रपट-परीक्षण मंडळ १९२० पासून काम करू लागले होते. सावरकरांनी याच विषयावर रचलेल्या ‘सिंहगडाचा पोवाडा’ यावर सरकारने बंदी घातली होती. पेंटरांचा ‘सिंहगड’ मात्र मुंबईत गर्दी खेचू शकला. विषय तोच, गड तोच. फरक कारणात होता, असे अनुमान करावयास जागा आहे. अब्रू वाचवण्यासाठी लढणारा वीर राजद्रोहाच्या कक्षेत सहजासहजी बसत नाही. हरिभाऊंच्या कमलकुमारीने, त्यांच्या मनात नसतानाही, कोल्हापूरच्या चित्रकारांना एक सुरक्षित कारण पुरवले. प्रेक्षकांनी त्यातून दुसरे कारण वाचले असेल, नव्हे वाचलेच असेल, परंतु ते वाचनाचे श्रम त्यांचे होते. शांताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये स्थापन केलेल्या प्रभात कंपनीने ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव योजले तेव्हा सेन्सॉर जागा झाला आणि १९३० साली ते चित्र ‘उदयकाल’ या नावाने बाहेर आले. राज्यकारणाचे कारण शीर्षकात आणताच काय होते, त्याचा हा पुरावा.

चलच्चित्रात कारण का बदलते आणि बदलले तरी ध्यानात का येत नाही, हे समजण्यासाठी जपानमधील अलीकडचे एक उदाहरण उपयोगी पडेल. तेथील सामुराईकथांची साखळी सिंहगडाच्या साखळीसारखीच आहे. बखरीच्या जागी मेइजी क्रांतीच्या नोंदी, कादंबरीच्या जागी मांगा म्हणजे क्रमशः छापली जाणारी चित्रकथा, आणि मूकपटाच्या जागी ॲनिमेशनपट. वात्सुकी नोबुहिरो याची ‘रुरौनी केनशिन’ ही मांगा १९९४ ते १९९९ या काळात एका साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. तिचा नायक कावाकामी गेनसाई या खऱ्या मारेकरी सामुराईवरून अंशतः बेतलेला आहे. गेनसाईला नव्या राजवटीनेच देहान्त शासन दिले. वात्सुकीने आपल्या नायकाला जगू दिले, उलट्या धारेची तलवार दिली आणि पुन्हा कोणाला न मारण्याची शपथ दिली. इतिहासात जो प्रायश्चित्तापूर्वीच मेला त्याला कथेत प्रायश्चित्त घेता आले.

या नायकाच्या तरुणपणाचा, त्याच्या हातून पत्नी तोमोए मारली गेल्याचा वृत्तान्त मांगात बराच उशिरा येतो, आणि तो केनशिन स्वतः आपल्या सोबत्यांना सांगतो. ते निवेदन म्हणजे कबुली आहे. ऐकणारे समोर बसले आहेत आणि ऐकून झाल्यावर त्याच्याशी कसे वागायचे हे त्यांना ठरवायचे आहे. १९९९ साली फुरुहाशी काझुहिरो याने याच भागावर ‘त्सुइओकु-हेन’ हा चार भागांचा ॲनिमेशनपट केला. श्रोते काढून टाकले. कबुली उरली नाही, दैवगती उरली. कथा हसऱ्या चेहऱ्यांच्या साप्ताहिकी शैलीतून बाहेर पडून करुणगंभीर झाली आणि अनेकांनी तिला मूळ मांगापेक्षा श्रेष्ठ मानले. ते मत सहज खोडून काढता येण्याजोगे नाही. तथापि एक तपशील पाहावा. नायकाच्या गालावरील फुलीच्या आकाराच्या व्रणाची दुसरी रेघ मांगात तोमोएच्या हातून सुटलेल्या कट्यारीने, अपघाताने, उमटते. ॲनिमेशनपटात मरणारी तोमोए ती स्वतः ओढते. व्रण तोच. अपघाताचा हेतू झाला, आणि त्यासरशी क्षमा, सूड, प्रेम या सर्वांचे अर्थ फिरले. पुढे २००१ च्या ‘सेइसो-हेन’मध्ये तर मांगाने संसारात नेऊन ठेवलेल्या नायकाला आजार आणि मरण देण्यात आले. ज्याने मूळ मांगा वाचली नाही त्याच्या लेखी केनशिन तसाच मेला. पडद्यावर त्याला मरताना पाहिले, मग दुसरे कोण काय सांगणार?

सांगणारा काढून घेतला की कारणाची जबाबदारी घेणारा कोणी उरत नाही. सभासद, तुलसीदास, हरिभाऊ यांच्यापैकी प्रत्येकाला विचारता येते की हे कारण तुम्ही कोठून आणले. चलच्चित्राला असे विचारणे प्रेक्षकाला सुचतच नाही, कारण समोर कोणी सांगत नसते, घडत असते.

कोल्हापूरने ही कथा आणखी एकदा केली. १९३३ साली प्रभातने ‘सिंहगड’ बोलपट काढला. आधार पुन्हा हरिभाऊंच्या कादंबरीचाच होता आणि दिग्दर्शक होते दहा वर्षांपूर्वी शेलारमामा झालेले शांताराम. त्याच वर्षी कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास गेली. बोलपटात शब्द परत आले, गाणी आली. परंतु शब्द परत आले म्हणजे निवेदक परत आला असे नाही. ते शब्द पात्रांचे होते. तुलसीदासाचा ‘मी सांगतो’ हा पवित्रा बोलपटातही परतला नाही.

आज या प्रक्रियेचे फळ पुरते पिकलेले दिसते. जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात कडा, रात्र आणि गड यांचा बराच भाग संगणकाने रचलेला आहे. ॲनिमेशनपट आणि चित्रपट यांच्यातली भिंत तेथे फारशी राहिलेली नाही. ‘नागिन’ नावाची एक प्रचंड तोफ त्यात नव्याने आली आहे, आणि तिच्या इतिहासत्वावर पुष्कळ चर्चा झाली. त्या चित्रपटात उदयभानाने पळवून आणलेली एक विधवा रजपूत स्त्रीही आहे, आणि तिचे नाव कमल आहे. तिच्याविषयी तोफेच्या मानाने फारच थोडी कुरबूर झाली. १९०३ साली एका कादंबरीकाराने कल्पिलेली स्त्री शंभर-सव्वाशे वर्षांत तहाच्या कलमांहून अधिक खरी होऊन बसली. तिच्या मार्गावरचा पहिला पडदा कोल्हापुरात रंगवला गेला. दिग्दर्शकाला येथे फार दोष देता येत नाही. त्याच्यापर्यंत कथा आली तेव्हा ती मराठी माणसाच्या लेखी इतिहासच होती.

सूर्याजीचे काय झाले, हा प्रश्न या सर्वांत बाजूला राहतो. नायक पडल्यावर माणसे सावरणारा हा धाकटा भाऊ बखरीत कथेचा कणा आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याच्या तोंडी पळणाऱ्या मावळ्यांना उद्देशून केलेले निर्भर्त्सनेचे भाषण दिले आणि परतीचे दोर नाहीसे केल्याचे सांगितले, म्हणून निदान शालेय पुस्तकांत त्याला जागा राहिली. पडद्यावर तो असतो, पण नायकाच्या मरणानंतरची कथा प्रेक्षकाला थांबून पाहावीशी वाटत नाही, दिवे लागतात. पोवाड्याच्या परंपरेत मात्र गड सर झाल्यावरही डफ थांबत नाही. शाहिराला आरंभी दिलेले आमंत्रण आठवते, आणि शिवाजीराजे बाप गमावलेल्या रायबाचे लग्न लावून देतात.